पहिली घागर

“…तर मग वाचू का, अप्पा?”

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. बारवेच्या वरच्या पायरीवर, भिंतीला टेकून ते बसले होते. दुपार कलत होती. माळावरून वारा येत होता, आणि वाऱ्याबरोबर लांबून, चारही अंगांनी, पहारींचा आवाज.

ठण्… ठण्… एका बांधात थांबायचा, दुसऱ्या बांधात सुरू व्हायचा.

“वाच की,” अप्पा म्हणाले. “पण आधी पाणी पी.”

बसवंतरावांनी बाजूचा तांब्या उचलला. तो रिकामा होता. त्यांनी तो उगाच आत डोकावून पाहिला आणि परत ठेवला.

“तांब्यात पाणी नाही, अप्पा.”

“नाही का… मग थांब जरा.”

आता ज्याला घाई आहे त्याला थांब म्हटलं की तो काय थांबतो? बसवंतरावांनी मांडीवरची कागदांची सुरळी एकदा उलगडली, पुन्हा गुंडाळली. ते काही ऐरेगैरे नव्हते. पानतळे संस्थानचे दिवाण होते. दरबारात ते बोलायला उभे राहिले की म्हातारे सरदारही पान चघळायचे थांबत. पण याच मठात, याच पायऱ्यांवर त्यांनी मठाधिपती अप्पांच्या हाताखाली धुळाक्षरं गिरवली होती. त्यामुळे इथे आलं की डोक्यावरचं पागोटं त्यांना उगीचच मोठं वाटायचं.

पानतळं ओळखलं जायचं ते पानमळ्यांमुळे. इथलं विड्याचं पान लांबलांबच्या बाजारात जायचं. पण नागवेल फार लाडकी जात. पाण्याची एक पाळी चुकली की मान टाकते. म्हणून ज्याचा मळा त्याची विहीर, आणि ज्याची विहीर त्याचं पाणी, असा सगळ्यांचा सरळ समज. एकानं विहीर हातभर खाली नेली की शेजाऱ्याची आटायची. मग शेजारी दोन हात खाली जायचा. असं करत करत सगळं गाव खाली खाली चाललं होतं, आणि जो तो आपल्यापुरता वर येतोय असं समजत होता.

मठाची बारव या सगळ्यांच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी खालची वस्ती प्यायची. त्या वस्तीच्या पायाखाली सगळा काळा पाषाण, तिथे विहीर लागत नाही. बारव आटली तर वस्ती उठणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन घरांनी तर गाड्यांना वंगण घालून ठेवलं होतं.

ती वस्ती उठू नये, एवढंच बसवंतरावांना हवं होतं. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला त्यांनीच दवंडी पिटवली होती की येत्या गुढीपाडव्यापासून कुणी नवी विहीर खोदायची नाही आणि जुनी खोल करायची नाही. कुणावर अन्याय नको, तयारीला वेळ मिळावा, म्हणून पाडव्यापर्यंतची मुदत. किती विचार केला होता त्या मुदतीचा…

आणि तिथेच माशी शिंकली.

ज्यांच्या मनातही नव्हतं, तेसुद्धा पहारी घेऊन उठले. आज नाही तर पुन्हा कधीच नाही, असं ज्याला त्याला वाटलं. तहान लागल्यावर विहीर खोदणारे शहाणे आपण ऐकून असतो. पानतळ्यात लोक तहान लागायच्या आधीच खोदायला लागले. फाल्गुन उजाडला तशी बारवेची एकेक पायरी उघडी पडत गेली.

म्हणून हा नवा कायदा. कुणी किती मोट चालवावी, विहिरीवर पहारा कुणाचा, चोरून खोदणाऱ्याला काय, आणि त्याची चहाडी न करणाऱ्या शेजाऱ्याला काय, सगळं त्यात होतं. मुंगीलाही वाट सापडू नये असा पक्का. फक्त त्याला अप्पांचा होकार हवा होता. दिवाणाचं म्हणणं मोडणारे पुष्कळ होते, मठाचा शब्द मोडणारा कुणी नव्हता.

“अप्पा, वेळ थोडा आहे,” बसवंतराव म्हणाले. “लोक ऐकत नाहीत. मी स्वतः नियमाबाहेर गेलो नाही. माझी विहीरसुद्धा मुदतीच्या आतच खोल करून घेतली. कुणी बोट दाखवू नये म्हणून.”

अप्पांनी एक डोळा उघडला.

“पाणी लागलं?”

“भरपूर.” बसवंतरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. “आणि गोड. आमची अव्वा म्हणते, पाण्याला सुगंध आहे. म्हणते, वास ओळखीचा आहे पण ध्यानात येत नाही. घराण्याची पुण्याई, असंही म्हणते.”

“आणि तुला येतो वास?”

बसवंतराव जरा वरमले. आईचं नाक अजून शाबूत होतं, त्यांचं मात्र तपकिरीनं कधीच कामातून गेलं होतं. अगदी आत्ताही डबी कमरेला होतीच.

अप्पांनी तो डोळा पुन्हा मिटला.

इतक्यात खालच्या वस्तीतली लिंबाक्का आली. काखेत घागर, हातात नारळाची करवंटी. दोघांना वाकून नमस्कार करून ती पायऱ्या उतरत गेली, पार तळाशी, जिथे झऱ्याच्या तोंडी खळग्यात थोडं पाणी साचत होतं. ती उकिडवी बसली आणि वाट पाहू लागली. बऱ्याच वेळानं करवंटी दगडाला घासल्याचा आवाज आला.

तिनं करवंटी भरून वर घेतली, आणि ते पाणी तसंच खळग्यात परत ओतलं.

मठाची ही रीत फार जुनी. बारवेचं पाणी कुणीही न्यावं, पण काढलेली पहिली घागर बारवेतच परत ओतायची. भरायची ती दुसरी. कुणी म्हणे, आधी बारवेची तहान. कुणी म्हणे, भरलेली घागर ओतून देताना हात जड होतो, तो एकदा जड व्हावा म्हणून. घागरभर पाणी मिळेना तेव्हापासून वस्तीतल्या बाया पहिली करवंटी ओतत होत्या.

बसवंतरावांना ते बघवेना.

“अगं, एवढंसं पाणी, त्यातलंही परत?”

“पयली परत असती, दिवाणसाब,” लिंबाक्का खालून म्हणाली. एवढंच. आणि पुन्हा वाट पाहत बसली.

बसवंतरावांचा हात नकळत लेखणीकडे गेला. पाण्याच्या अशा नासाडीवरही एक कलम हवं, असं त्यांना वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काही खोटं नाही.

“अप्पा, आता तरी वाचू?”

“ऊन आहे रे इथं. डोकं तापतं.” अप्पांनी हातानं खाली दाखवलं. “तळाच्या पायरीवर जाऊन बस घटकाभर. गार आहे. मी हाक मारतो.”

दिवाण मुकाट्यानं उठले.

पायऱ्या उतरताना पहारींचा आवाज मागे राहिला. भिंती जवळ आल्या. दगडांना अजून ओल होती, तिथे हात ठेवला की बरं वाटत होतं. झऱ्याच्या तोंडाशी वाळ्याचं एक जुनं बेट होतं. मठाच्या मूळपुरुषानं ते लावलं, असं सांगत. त्याची मुळं झऱ्यात उतरलेली, म्हणून बारवेचं पाणी सुगंधी. पानतळ्यात नवी सून आली की पहिलं पाणी तिला इथलं पाजायचे. आता ते बेट वाळून पिवळं पडलं होतं.

बसवंतराव तळाच्या पायरीवर टेकले. वर आभाळाचा एक चौकोन उरला होता. पलीकडे लिंबाक्का खळग्याकडे पाहत होती. त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि भिंतीला डोकं लावलं…

आणि भिंत मऊ झाली.

ते आत गेले. कसे गेले ते त्यांना कळलं नाही, पण त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आत अंधार होता आणि तो अंधार चालत होता. सावकाश, एका अंगाला, कुणाला काही न विचारता. त्यांच्या ध्यानात आलं की आपणही त्याच्याबरोबर चाललो आहोत. पाय भिजत नव्हते, कारण पाय नव्हतेच.

डोक्यावर पानतळं होतं. मुळं खाली आलेली दिसत होती, लिंबाची, चिंचेची, नागवेलीची बारीक बारीक. बांध मात्र कुठे दिसत नव्हते. त्यांनी शोधले. हा पाटलाचा मळा संपला कुठे आणि शेजारच्याचा सुरू झाला कुठे… खाली तशी खूणच नव्हती.

मधूनच वर उजेडाचा एक तुकडा दिसायचा. त्यातून मोट खाली यायची, बुडायची, भरून वर जायची. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. प्रत्येक उजेडातून माणसांची बोलणी ऐकू यायची. माझी विहीर. माझं पाणी. मोट वर गेली की अंधार थोडा पातळ व्हायचा, आणि चालताना त्यांना किंचित दम लागायचा.

मग वास आला.

लहानपणी पाटी पुसून झाल्यावर, याच पायऱ्यांवर, ओंजळीतून प्यायलेल्या पाण्याचा. थंड, मातीसारखा, गोडसर. बसवंतरावांचं काळीज भरून आलं. वासाच्या मागोमाग ते निघाले. त्यांना वाटलं, हा वास बारवेकडे नेईल. घरी नेईल.

पण वास उलटा चालला होता. चढाकडे. एका खोल, अगदी नव्या उजेडाच्या दिशेनं. तिथे सगळा अंधार वळून, घाईघाईनं, ओढल्यासारखा जात होता. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला. थांबता येईना. उजेडाखाली येऊन त्यांनी वर पाहिलं तर काठावरून एक चेहरा खाली वाकला होता.

“पाण्याला वास येतोय बघ,” तो चेहरा म्हणाला. “वळखीचा हाय… पर ध्यानात येईना.”

अव्वा होती.

“बसवंता…”

ते दचकून जागे झाले. वर, आभाळाच्या चौकोनात, अप्पांचं डोकं दिसत होतं. लिंबाक्काची घागर अजून पाव भरली नव्हती.

बसवंतराव पागोटं घालून वर आले.

“काय दिसलं?” अप्पांनी विचारलं.

“काही नाही. डोळा लागला होता.”

“बरं.” अप्पांनी शेजारचा रिकामा तांब्या उपडा केला. “मला तहान लागलीय. तुझ्या विहिरीचं पाणी आण घागरभर. गोड आहे म्हणालास ना… मग वाच.”

बसवंतराव शिपायाला हाक मारायला वळले.

“तो नको. तू.”

संस्थानच्या दिवाणानं खांद्यावर घागर घेऊन माळ तुडवलेला पानतळ्यानं कधी पाहिला नव्हता. लोक पहारी टाकून बांधावर येऊन उभे राहिले. कुणाला वाटलं नवस असेल, कुणाला वाटलं डोकं फिरलं. बसवंतरावांनी कुणाकडे पाहिलं नाही. स्वप्नातला तो चढ आणि पायाखालचा हा उतार एकच आहे की काय, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. घागर हिंदकळून त्यांचा खांदा भिजला.

ते मठात पोचले तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. त्यांनी घागर अप्पांपुढे ठेवली.

अप्पांनी ती आपल्याकडे ओढली नाही.

“आधी तोंड धू. नाक स्वच्छ धू.”

त्यांनी धुतलं.

“आता ओंजळ कर.”

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं मुलासारखी ओंजळ पुढे केली. अप्पांनी घागर तिरकी केली. पाणी ओंजळीत आलं. बसवंतरावांनी ते तोंडाशी नेलं… आणि तिथेच थांबले.

वाळा.

घरचंच पाणी होतं ते. त्यांच्या स्वतःच्या विहिरीचं, नियमात बसवून खोदलेल्या, घराण्याच्या पुण्याईच्या विहिरीचं. आणि ते याच पायऱ्यांवरचं पाणी होतं.

ओंजळीतून पाणी गळत राहिलं. लिंबाक्का तोवर वर आली होती. तिनं घागर खाली ठेवली, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग बाजूला सरली, पायरीवर त्यांना वाट राहावी म्हणून.

“मी मुदतीत खोदली, अप्पा,” बसवंतराव कसंबसं म्हणाले. “नियमात होतं.”

“हो… नियमात होतं.”

पहारींचा आवाज येत होता. ठण्… ठण्…

“तुम्हाला तहान लागली होती,” बसवंतराव म्हणाले.

“लागलीय.”

“मग प्या ना.”

“पहिली घागर कुणाची असते?”

बसवंतरावांनी घागर उचलली. येताना खांद्यावर ती एवढी जड नव्हती. ते एकेक पायरी उतरत तळाशी गेले आणि खळग्यावर त्यांनी ती हळूहळू रिकामी केली. कोरड्या दगडावर पाणी पडल्याचा आवाज खालून वर येईपर्यंत अप्पा ऐकत राहिले.

सुरळी वरच्या पायरीवर तशीच पडली होती. बसवंतरावांनी ती उचलली, काखेत मारली. वाचू का, असं त्यांनी विचारलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवाण कचेरीत दिसेनासे झाले.

विहीर खोल करताना निघालेल्या दगडांचा ढीग त्यांच्या मळ्यात पडलेलाच होता. बसवंतरावांनी धोतराचा काचा मारला, पागोटं चिंचेच्या फांदीला अडकवलं, आणि ते एकेक दगड विहिरीत परत टाकू लागले. वरून मुरूम, त्यावर चिकणमाती. गडी पुढे आले तर त्यांना हात लावू देईनात.

अव्वा काठावर येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याबरोबर तो मळा उभा केला होता, एकेक वेल हातानं बांधली होती.

“आडात हाय तवा पोहऱ्यात येतंय, बसू,” ती म्हणाली. “अन् तू आडच बुजवाया लागलास?”

बसवंतरावांनी तिला सगळं सांगितलं. स्वप्नसुद्धा. ओळखीचा वास कुठला, तेही. अव्वा सून म्हणून आली होती तेव्हा तिनंही पहिलं पाणी बारवेचंच प्यायलं होतं. ती ऐकत राहिली, मग पदर सावरून घरात गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वेळेवर पाठवत होती.

नव्यानं खोदलेलं तेवढं बुजलं. मोट आता पूर्वीच्याच पाण्यावर टेकायची आणि अर्धी भरायची. मळ्याच्या कडेच्या वेलींनी माना टाकल्या. बापाच्या हातच्या वेली. एका संध्याकाळी त्या पिवळ्या पानांजवळ बसून बसवंतराव रडले. ते कुणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं, पण पानतळ्यात न दिसण्यासारखं असतं काय?

लोक बांधावर येऊन बघून जायचे. हसायचेही. पलीकडच्या मळ्यातला रुद्राप्पा, ज्याची विहीर नुकतीच खोल झाली होती, तो एकदा जवळ येऊन बसला.

“दिवाणसाहेब, पाणी लागलेली विहीर कुणी बुजवतं का?”

मुंगीला वाट सापडणार नाही असा कायदा याच माणसानं लिहिला होता. बसवंतरावांनी पुढचा दगड उचलला.

रुद्राप्पा बराच वेळ बघत बसला. मग उठून गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, बसवंतराव मठात आले. पागोटं नव्हतं. काखेत काही नव्हतं. अप्पा वरच्या पायरीवर, भिंतीला टेकून, डोळे मिटून होते. जणू मधले दिवस गेलेच नव्हते.

बसवंतराव खालच्या पायरीवर बसले, लहानपणी बसायचे तिथे.

वारा येत होता. त्याच्याबरोबर पहारींचा आवाज येईल म्हणून त्यांनी कान दिला. लांब एका बांधात ठण्… ठण्… चाललं होतं. दुसरीकडे काही नव्हतं. मग रुद्राप्पाच्या मळ्याच्या दिशेनं एक वेगळाच आवाज आला. धप्… दगड पाण्यात पडल्यासारखा. नंतर बराच वेळ शांतता. आणि पुन्हा एक. धप्…

त्यांनी मान वर केली नाही. भास असेल, असं त्यांना वाटलं.

तळाशी लिंबाक्का बसली होती. करवंटी दगडाला घासत नव्हती. तिनं ती भरली, परत ओतली, आणि पुन्हा भरून घागरीत ओतली.

“कागद कुठंय?” अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

“घरी राहिला, अप्पा.”

“हात बघू.”

बसवंतरावांनी हात पुढे केले. तळव्यांवर फोड फुटून त्यांचे घट्टे झाले होते. नखांत चिकणमाती होती. अप्पांनी ते हात आपल्या हातात घेतले आणि धुळाक्षरं गिरवून घेताना धरायचे तसे थोडा वेळ धरून ठेवले.

मग त्यांनी शेजारचा तांब्या पुढे सरकवला. तो अर्धा भरलेला होता.

बसवंतराव पाणी प्यायले. वाळ्याचा वास अगदी पुसट होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसलं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

अप्पा भिंतीला नीट टेकले, नजर त्या घट्टे पडलेल्या तळव्यांवर ठेवून.

“हं… आता वाच.”